घशात काहीच नव्हतं

“तुमच्या अन्ननलिकेत काही नाही, अम्मा. गाठ नाही, जखम नाही, सूजसुद्धा नाही.”

पोटाच्या डॉक्टरांनी एंडोस्कोपीचा रिपोर्ट माझ्यापुढे सरकवला. एंडोस्कोपी म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची बारीक नळी आत उतरवून अन्ननलिका आणि पोट पाहणं. शेजारी बसलेल्या माझ्या यजमानांनी मोठा श्वास सोडला आणि डॉक्टरांना हात जोडले.

मला आनंद झाला नाही. मी थुंकी गिळून पाहिली. घशाच्या खळीच्या जरा वर, रोजच्याच जागी, ती वस्तू होती. चिंचोक्याएवढी.

“मग मला गिळता का येत नाही?” मी विचारलं.

“त्रास खरा आहे,” डॉक्टर म्हणाले. “पण त्याचं मूळ घशात नाही. याला अँग्झायटी म्हणतात. मनातली भीती शरीरातून बोलते. तुम्ही एकदा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.”

ते तमिळमध्ये बोलले, अगदी हळू आवाजात, चांगल्या मनानं बोलले. मला ते शिवीसारखं लागलं.

ज्यांना असं काही होत असेल, ज्यांचे सगळे रिपोर्ट ‘नॉर्मल’ येत असतील आणि तरीही ज्यांना बरं वाटत नसेल, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. आमच्या तंजावूरच्या मराठी घरांत देवनागरी वाचणारे थोडेच. मी आईकडून शिकले. घरी आम्ही बोलतो ती भाषा जुनी आणि तमिळ मिसळलेली, म्हणून पुण्याच्या आत्तेबहिणीनं हे लिखाण एकदा नजरेखालून घातलं आहे. चुका राहिल्या असतील तर माझ्या.

माझं नाव पद्मा. वय एकोणपन्नास. चोवीस वर्षं मी इथल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. लोकांच्या दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, रक्त काढायचं, मशीनला लावायचं, स्लाइड करून मायक्रोस्कोपखाली बघायची. लोकांच्या आजाराची बातमी त्यांच्या आधी मला कळते. ती चेहऱ्यावर दिसू द्यायची नाही, हा आमच्या कामाचा पहिला धडा.

त्रास मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, सुरू झाला. सकाळी दारात कोलम, म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, घालून आत आले, कॉफीचा पहिला घोट घेतला आणि घशात काही अडकल्यासारखं वाटलं. खाकरले. पाणी प्यायले. गेलं नाही. वाटलं, थंडीनं घसा धरला असेल. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, मिरी आणि मध घेतला. आठवडा गेला, दुसरा गेला. ती वस्तू तिथंच.

गंमत अशी की जेवताना ती कमी जाणवे आणि नुसती थुंकी गिळताना जास्त. पुढे कळलं की ही खूण फार महत्त्वाची असते. तेव्हा मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

पहिल्यांदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी नाकातून बारीक दुर्बीण घालून घसा पाहिला. “ग्लोबस आहे,” म्हणाले. ग्लोबस म्हणजे गोळा. घशात गोळा असल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात गोळा नसतो. “ॲसिडिटीनं होतं, टेन्शननं होतं. गोळ्या लिहून देतो.” चार मिनिटांत मी बाहेर. महिनाभर गोळ्या घेतल्या. फरक पडला नाही.

मग मी एक चूक केली. जी वस्तू नव्हती, तिला मी सांभाळायला लागले.

आधी मी दोशाची कुरकुरीत कड सोडली, कारण ती टोचेल. मग मोकळा भात सोडला. मग भाजी. प्रत्येक घास तोंडात पातळ होईपर्यंत चावायचा, मान थोडी पुढे करायची, श्वास रोखायचा आणि गिळायचं. गिळताना मी मनात मोजायचे. असं गिळायला लागलं की खरंच ठसका लागतो. ठसका लागला की भीती वाढते. तीन महिन्यांत मी फक्त कंजी आणि कुस्करलेल्या रसम-भातावर आले. कंजी म्हणजे आपली पेज. नऊ किलो वजन गेलं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

घरी कळू नये म्हणून मी ताट घेऊन स्वयंपाकघरात जेवायचे. “तुम्ही व्हा पुढे, मी मागाहून घेते,” म्हणायचे. माझे यजमान श्रीनिवासराव पॉलिटेक्निकमध्ये शिकवतात. साधा माणूस. त्यांना वाटलं, बायको उपास करते आहे.

लॅबमध्ये मी स्वतःचं रक्त स्वतः तपासायला लागले. डाव्या हाताचं रक्त उजव्या हातानं काढायचं. हिमोग्लोबिन, ईएसआर, थायरॉईड, कॅल्शियम. सगळं बरोबर यायचं. बरोबर आलं की दिवसभर हलकं वाटायचं. दुसऱ्या दिवशी वाटायचं, मशीननं चुकवलं असेल. माझ्याबरोबर काम करणारी सेल्वी एकदा म्हणाली, “अक्का, तुमच्या हातावर माझ्यापेक्षा जास्त टोचल्याच्या खुणा आहेत.” मी हसून पदर ओढून घेतला.

मोबाइलवर वाचून माझी खात्री झाली होती की हा अन्ननलिकेचा कॅन्सर आहे. मोठ्या तपासण्यांसाठी घरी सांगावंच लागलं. बेरियमचा एक्स-रे झाला. त्यात पांढरं खडूसारखं औषध पिऊन ते खाली कसं उतरतं ते बघतात. मानेचा सीटी स्कॅन झाला. शेवटी एंडोस्कोपी झाली. वर मी सुरुवात केली ती त्याच दिवसापासून.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, “काही नाही म्हणाले ना? मग आता नीट जेव.”

“म्हणजे मी नाटक करते?”

“मी असं म्हटलं का?”

“म्हटलं नाही, पण तसंच बोललांत.”

आता लिहिताना कळतं, कळल्यापासूनचे सगळे दिवस त्या माणसानं भीत भीत काढले होते आणि त्या दिवशी त्यांची भीती सुटली होती. माझी सुटली नव्हती. कॅन्सर निघाला असता तर निदान माझ्यावर विश्वास तरी बसला असता, हा विचार माझ्या मनात आला. असा विचार माणसाला येऊ शकतो, हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. पोटाच्या डॉक्टरांनी मनाच्या डॉक्टरांचं नाव लिहून दिलेली चिठ्ठी मी देवघरातल्या पोथीखाली सारली आणि कामावर गेले.

पुढच्या पंधरा दिवसांत बोटं झिणझिणायला लागली. रक्त काढताना अचानक छाती धडधडे, श्वास पुरेना, ओठांभोवती मुंग्या येत. दोन-तीनदा हाताची बोटं आपोआप चोचीसारखी जुळून आखडली. मी बाथरूममध्ये जाऊन नळाखाली हात धरायचे आणि परत येऊन पुढच्या पेशंटला बसवायचे.

आणि मग ते घडलं.

तिरुवैयारुच्या पलीकडच्या एका खेड्यातून एक गरोदर बाई आली होती, नवव्या महिन्यातली, नवऱ्याच्या मोपेडवर बसून. सिझेरियन ठरलं होतं, रक्तगट तपासायचा होता. तिच्या आधी मी एका म्हाताऱ्या गृहस्थांचं रक्त काढलं होतं. दोन्ही नळ्या माझ्यासमोर होत्या. बोटं आखडायला लागली. मी घाईनं लेबलं चिकटवली आणि बाथरूमकडे धावले.

परत आले तेव्हा सेल्वी दोन्ही नळ्या हातात धरून उभी होती. चेहरा पांढरा पडला होता.

“अक्का, त्या बाईच्या जुन्या कार्डावर बी पॉझिटिव्ह लिहिलंय. इथं ओ येतोय.”

मी लेबलांची अदलाबदल केली होती.

रक्तगट चुकला आणि ऑपरेशनच्या वेळी ते रक्त चढवलं गेलं तर माणूस मरू शकतो. मी हे नव्या मुलींना शिकवत आले आहे. त्या बाईकडे जुनं कार्ड नसतं तर? सेल्वीनं ते उघडून पाहिलं नसतं तर? दोघांचं रक्त पुन्हा घेतलं, सेल्वीनं घेतलं. त्या बाईनं हात पुढे करत विचारलं, “रक्त कमी पडलं का अम्मा?” मी बाजूला होऊन सेल्वीला जागा दिली.

मी स्वतः आमच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंच्या खोलीत गेले आणि सांगितलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. “पद्मा, उद्यापासून सुट्टीवर जा,” त्या म्हणाल्या. “आणि उपचार सुरू झाल्याची चिठ्ठी आणल्याशिवाय सुईला हात लावायचा नाही.”

घरी येऊन पोथीखालची चिठ्ठी काढली. यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. मग म्हणाले, “सरि, बरं. उद्या जाऊ. मी रजा टाकतो.”

डॉक्टर वसंती यांचा दवाखाना एका गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर होता. बाहेर सहा खुर्च्या. मला ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसले. पलीकडे एक कॉलेजातली मुलगी तशीच भिंतीकडे तोंड करून बसली होती.

डॉक्टरबाईंनी सगळे रिपोर्ट एकेक करून वाचले. घाई केली नाही. “तपासण्या झाल्या हे बरं झालं,” त्या म्हणाल्या. “वजन उतरत असेल तर आधी शरीर तपासायलाच हवं. आता मला सांगा, तुम्ही शेवटचं मनमोकळं कधी जेवलात?”

मी म्हटलं, “मार्गळीच्या आधी.”

“नक्की?”

मी विचार करायला लागले. दिवाळी आठवली, सणवार आठवले. प्रत्येक पानावर मी बसले होते, पण घास घेतल्याचं आठवेना. मागे मागे जात मी तीन वर्षं मागे गेले, आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते माझ्या तोंडून बाहेर पडलं.

माझी धाकटी बहीण सुधा. माझ्याहून सात वर्षांनी लहान, प्राथमिक शाळेत शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी तिला सारखा ताप येत होता, दात घासताना हिरड्यांतून रक्त येत होतं, मांडीवर निळे डाग उठले होते. मीच म्हटलं, ये, रक्त बघू. सकाळी तिचं रक्त काढलं, ती घरी गेली. मशीननं आकडे दिले आणि खाली धोक्याची खूण केली. मी स्लाइड केली, रंग दिला, मायक्रोस्कोपखाली ठेवली. मोठ्या, गोल, जांभळ्या पेशी, एकमेकींना खेटून बसलेल्या. अशा पेशी रक्तात दिसायच्या नसतात. ब्लास्ट म्हणतात त्यांना. ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर.

पॅथॉलॉजिस्ट बाई त्या दिवशी तिरुच्चीला होत्या. मी फोन केला. “सकाळी येऊन मी स्वतः स्लाइड बघते,” त्या म्हणाल्या. “तोवर कुणाला काही बोलू नको.” तोच नियम आहे. टेक्निशियननं रोगाचं नाव सांगायचं नसतं.

मी फोन ठेवला आणि तेवढ्यात सुधाचा फोन आला. “अक्का, दुपारी जेवायला ये गे. वांगी भात करते आहे.”

मी गेले. ती विळीवर वांगी चिरत होती. तिच्या रक्तात प्लेटलेट जवळजवळ नव्हत्या. प्लेटलेट म्हणजे रक्त थांबवणाऱ्या पेशी. बोट कापलं तर रक्त थांबणार नाही, हे मला माहीत होतं. मी तिच्या बोटांकडे बघत बसले. “दे इकडे, मी चिरते,” म्हटलं, तर हसली. “पाहुणी म्हणून आली आहेस, बस.” रिपोर्टचं विचारलं तर मी म्हटलं, मशीन बंद आहे, उद्या मिळेल.

आणि मी जेवले. तिला संशय येऊ नये म्हणून दोनदा वाढून घेतलं. छान झालाय म्हटलं. प्रत्येक घास गिळताना माझ्या घशात एक वाक्य वर येत होतं आणि मी ते घासाबरोबर खाली ढकलत होते.

दुसऱ्या दिवशी पॅथॉलॉजिस्ट बाईंनी सांगितलं. मग चेन्नई, आठ महिने. मग दीड वर्ष घरी गोळ्या. सुधा बरी झाली. डॉक्टरांनी औषधं थांबवली. फक्त दर महिन्याला रक्त तपासत राहा, म्हणाले. ते रक्त मी काढायचे, मीच बघायचे. आणि औषधं थांबल्यावर दोन महिन्यांनी माझा घसा धरला.

“पण ती बरी आहे,” मी डॉक्टर वसंतींना म्हटलं. “आता मला का व्हावं? तेव्हा तर मी खंबीर होते. चेन्नईत मीच सगळं पाहिलं.”

“तेव्हा तुम्हाला घाबरायला सवड नव्हती,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी कागदावर एक माणूस काढला आणि समजावलं. भीती वाटली की मेंदू शरीराला तयार करतो. हृदय जोरात चालतं, स्नायू आवळतात, श्वास भरभर होतो. समोर साप असेल तर हे चांगलंच. पण साप नसतानाही मेंदू ‘साप, साप’ म्हणत राहिला तर शरीर महिनोन् महिने आवळलेलं राहतं. अन्ननलिकेच्या तोंडाशी एक स्नायूचं कडं असतं. ते आवळलं की तिथं गोळा आहे असं वाटतं. बोटं का आखडतात? भरभर श्वास घेतला की शरीरातला कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्तातलं रसायन बदलतं, आणि मुंग्या येतात, बोटं जुळतात. मी चोवीस वर्षं रक्ताचं रसायन तपासत होते. स्वतःच्या बोटांबद्दल हे मला सुचलं नव्हतं.

“तुम्ही खोटं बोलत नाही आहात,” त्या म्हणाल्या. “तुमचा घसाही खोटं बोलत नाही. फक्त तो जुन्या गोष्टीबद्दल बोलतो आहे.”

बाहेर आल्यावर यजमानांनी विचारलं, काय म्हणाल्या? मी जिन्यातच रडले. ते माझी पिशवी धरून उभे राहिले.

उपचार म्हणजे दोन गोष्टी. रोज सकाळी एक मात्रै, म्हणजे गोळी, चिंता कमी करणारी. आणि दर आठवड्याला बोलणं, त्याबरोबर खाण्याचा अभ्यास. गोळीचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतील, हे त्यांनी आधीच सांगितलं. पहिले दहा-बारा दिवस उलट मळमळ आणि धडधड वाढली. हे ज्यांना होईल त्यांनी घाबरून गोळी आपल्या मनानं बंद करू नये. डॉक्टरांना फोन करावा. मी तीनदा केला.

खाण्याचा अभ्यास सर्वांत कठीण. कंजीवरून सांबारात भिजवलेल्या इडलीवर यायचं, मग मऊ दोशावर, मग दहीभातावर, आणि सर्वांत शेवटी चकलीवर. मोजायचं नाही. मान पुढे करायची नाही. गळा चाचपायचा नाही. पहिली इडली खायला मला पन्नास मिनिटं लागली. घामानं पाठ भिजली. यजमान माझ्यासमोर बसून तीच भिजलेली इडली खात होते. तीन आठवडे ते माझ्याबरोबर तेच खात राहिले. डायनिंग टेबलाशी मी पुन्हा त्यांच्यासमोर बसायला लागले ती तेव्हापासून.

सहाव्या आठवड्यात बरं वाटायला लागलं. चिठ्ठी घेऊन मी कामावर रुजू झाले. काही दिवस प्रत्येक लेबल सेल्वी तपासत होती. मला अपमान वाटला नाही. हायसं वाटलं.

मग सुधाच्या रक्ताचा दिवस आला. प्लेटलेट मागच्या महिन्यापेक्षा थोड्या कमी होत्या. फार नाही. दुसऱ्या कुणाच्या असत्या तर मी पुन्हा वळूनसुद्धा पाहिलं नसतं. मी तोच नमुना तीनदा मशीनला लावला. मग सुधाला शाळेत फोन केला. “पुन्हा ये. नमुना गोठला,” खोटंच सांगितलं.

ती मधल्या सुट्टीत आली. खुर्चीवर बसली. मी पट्टा बांधला आणि माझी बोटं आखडली.

सुधा माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिनं स्वतःच पट्टा सोडला.

“नमुना गोठला नाही. हो ना?”

मी तिला पाठच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. वांगी भाताच्या दुपारचंसुद्धा. मला वाटलं होतं ती रडेल, मला जवळ घेईल, त्यात काय गे अक्का म्हणेल. ती उभीच राहिली.

“म्हणजे तू माझ्या घरी बसून जेवलीस,” ती म्हणाली, “आणि तुला माहीत होतं.”

“नियम होता, सुधा. आणि डॉक्टर म्हणतात, एका दिवसानं काही बिघडलं नसतं.”

“दिवसाचं कोण बोलतंय? ती दुपार मी किती वेळा आठवली असेन, ठाऊक आहे? चेन्नईत पडले होते तेव्हा म्हणायचे, आदल्या दिवशी आपण दोघी कशा हसत जेवलो. ती माझी चांगली आठवण होती, अक्का. आता त्यात तू हसत नव्हतीस.”

ती दाराकडे वळली, पुन्हा माझ्याकडे फिरली.

“आणि दर महिन्याला तू माझं तोंड असं बघतेस जशी मी स्लाइड आहे. मी घरी जाऊन आरशात बघते, अक्काला काय दिसलं म्हणून. तुझ्या तोंडाची मला भीती वाटते.” तिचा आवाज चढला होता. “पुढच्या महिन्यापासून मी दुसरीकडे रक्त देईन. रिपोर्ट तुला दाखवणार नाही.”

ती गेली. मी तिथंच स्टुलावर बसले. त्या संध्याकाळी मी पुन्हा कंजीवर आले.

अकरा दिवस तिचा फोन आला नाही. मी केला तर उचलला नाही. डॉक्टर वसंतींना म्हटलं, सांगून चूक केली. त्या म्हणाल्या, “तिला रागवायचा हक्क आहे. तुम्ही तो राग बरा करायला जाऊ नका. तो तिच्याकडे राहू द्या.” हे मला इडलीपेक्षा कठीण गेलं. मी आयुष्यभर सुधाचं दुखणं आधी बघून आधी बरं करायला धावत आले होते.

त्या अकरा दिवसांत एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मला वाटायचं, मी लक्ष ठेवते म्हणून ती बरी आहे. मी आकडा बघितला नाही तर आकडा बिघडेल. असं मी कधी शब्दांत म्हटलं नव्हतं, पण माझा घसा तेच धरून बसला होता.

बाराव्या दिवशी तिचा फोन आला. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. “शाळेचं वार्षिक संमेलन आहे. दारात मोठं कोलम घालायचं आहे आणि इथल्या एकीलाही सरळ रेघ येत नाही. सकाळी सहाला ये.”

मी गेले. आम्ही दोघी ओणव्या होऊन दीड तास ठिपके जोडत होतो. ती एकदा फक्त म्हणाली, “वजन भरतंय तुझं.” मी हो म्हटलं. पूर्वीसारखं सगळं झालं असं मी लिहिणार नाही. आमच्यामध्ये एक दुपार आता वेगळी झाली आहे, ती तशीच राहील.

आज या सगळ्याला जवळजवळ एक वर्ष झालं. सहा किलो परत आले. गोळी अजून चालू आहे, डोस कमी झाला आहे. गोळा पूर्ण गेला का? नाही. थकले, भांडण झालं, कुणाचा वाईट रिपोर्ट हातात आला की तो येतो. पूर्वी मी त्याला शोधायला जायचे. आता तो आला की जेवण थांबवत नाही.

ज्यांचं असं होतं त्यांना एवढंच सांगते. आधी शरीराच्या तपासण्या करून घ्या, त्या टाळू नका. पण त्या एकदा नीट झाल्या की पुन्हा पुन्हा करू नका. मी स्वतः लॅबमधली आहे म्हणून सांगते, मनाला हवं असलेलं उत्तर आमच्या मशीनमधून निघत नाही. आणि कुणी अँग्झायटी म्हटलं तर त्याचा अर्थ ‘काही नाही’ असा घेऊ नका. घरच्यांनीही घेऊ नये. मी लाजेपायी उशीर केला, आणि त्या उशिराची किंमत एका गरोदर बाईनं मोजली असती. तिला मुलगी झाली, आई-बाळ सुखरूप आहेत, हे सेल्वीनं फोन करून विचारून घेतलं होतं. माझी हिंमत झाली नव्हती. सेल्वीचे उपकार मी कधीच फेडू शकणार नाही.

परवा सुधा तिच्या नव्या लॅबमध्ये जाऊन आली. तिनं काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. आकडा चांगला असेल, नसेलही. ज्या दिवशी तिला माझी गरज लागेल त्या दिवशी ती सांगेल, आणि मी तिच्याबरोबर जाईन. आज मला माहीत नाही. तीन वर्षं तिचा आकडा आधी मला कळायचा.

यजमान पानं घेत आहेत. भाताचा वास आला आहे. उठते.